न हलणारा पडदा

"माझ्यावर दोन काठ्या चोरल्याचा आळ आहे," सिस्टर म्हणाली आणि खुर्चीच्या कडेवर टेकली.

वहिनींनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. त्या खासगी तपासाचं काम करायच्या. सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणे, म्हणून दारावरच्या पाटीवरही तेवढंच होतं. टिपणं घ्यायला त्यांचे धाकटे दीर असत. हे भाऊजी सगळं नीट लिहून घेत आणि निष्कर्ष हमखास चुकीचा काढत.

सिस्टर एका संस्थेतर्फे घरोघरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करायची. सध्या तिच्याकडे एक म्हातारे टेलर मास्तर होते. मांडीचं हाड मोडून पुन्हा जुळलं होतं. आता रोज काठी धरून चालायचं, एवढंच औषध उरलं होतं. पण काठीच नाहीशी झाली. दुसरी आणली, तीही गेली. मास्तर अंथरुणाला खिळले आणि पाय काडीसारखे होत चालले.

"पण आळ तुमच्यावरच का?" वहिनींनी विचारलं.

सिस्टरने मान खाली घातली. काम चांगलं व्हावं म्हणून संस्थेने नवी योजना काढली होती. ज्याचा पेशंट तीन महिन्यांत एकदाही पडणार नाही, त्याला रोख बक्षीस. त्यातून तिला आईसाठी कानाचं यंत्र घ्यायचं होतं. न चालणारा माणूस पडत नाही, तेव्हा काठ्या तिनेच लांबवल्या, असं व्यवस्थापक साहेब म्हणत होते. दुपारी ते मास्तरांच्या घरी येणार होते, तिला कामावरून काढायला.

"मास्तरांशी काही वाजलं होतं का?" भाऊजींनी विचारलं.

"छे हो. लेकीसारखं वागवतात. माझ्या एप्रनचं बटण तुटलं, तर सुईदोरा मागवून स्वतः लावून दिलं. पहिली काठी त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेली."

मास्तरांचं घर वर होतं आणि शिवणाचं दुकान खाली. जिना दुकानातूनच जायचा. तिथे मास्तरांची सून कापड बेतत होती. तिने कात्री न थांबवता सांगितलं की, सासरे खाली येत नाहीत तेव्हापासून दुकानात शांतता आहे. आले की तिची निम्मी शिवण उसवायला लावायचे.

भाऊजींनी घाईघाईने काहीतरी लिहिलं.

"लिहा, लिहा," सून म्हणाली. "पण जेवणाची ताटं वर नेऊन माझेच गुडघे गेलेत. मी कशाला काठी लपवू?"

काठ्या कशा होत्या, हे वहिनींनी विचारलं. सरळ, बारीक, मूठ नसलेल्या. दुसरी काठी सुनेने जेवण नेलं तेव्हा पलंगाला टेकलेली होती. चहा नेला तेव्हा नव्हती. मधल्या वेळात ती जिन्यापाशीच बसली होती. वर कुणी गेलं नव्हतं आणि सिस्टर तर त्याआधीच घरी गेली होती. तरी काठ्या तिनेच लांबवल्या असणार, असं सून म्हणाली.

"तरी तुमचा संशय तिच्यावरच?" वहिनींनी विचारलं.

सुनेची कात्री थांबली. "एकदा मामंजी उंबऱ्याला अडखळले. हिने सावरलं आणि हसत म्हणाली, मास्तर, माझं बक्षीस घालवाल की. ते माझ्या डोक्यात राहिलं."

वरच्या खोलीत पलंग खिडकीला लागून होता. वारा भरपूर होता. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं. भाऊजींचा कागद उडाला आणि ते त्याच्यामागे पलंगाखाली गेले.

बाहेर येऊन ते म्हणाले, "पडदे मात्र झकास हं, मास्तर. फळीसारखे सपाट. एक चुणी नाही."

"घरचेच आहेत," मास्तर घाईने म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांवर ऊन येत होतं. वहिनींनी पडदा ओढायला हात पुढे केला, तसे ते म्हणाले, "राहू द्या. ऊन बरं असतं अंगाला." काठ्यांचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. उलट त्यांनीच विचारलं, "सिस्टरचं बक्षीस पक्कं झालं ना?"

साहेब आले. त्यांच्यामागून सिस्टर आणि सूनही वर आल्या.

भाऊजी वहिनींच्या कानाशी लागले. "सूनच. दुकानात शांतता हवी होती तिला."

"भाऊजी, दुसरी काठी गेली तेव्हा वर एकच माणूस होता," वहिनी मोठ्याने म्हणाल्या. "त्याला काठीशिवाय चालता येत नव्हतं. म्हणजे काठी पलंगावरून हात पोचेल तेवढ्यातच आहे. खोलीत इतका वारा आहे, कॅलेंडर फडफडतं, तुमचा कागद उडाला. पडदे तेवढे हलत नाहीत. का?"

भाऊजींनी खाली वाकून पडद्याची कड चाचपली. आत काहीतरी कडक लागलं.

"दोन पडद्यांत दोन काठ्या. खालच्या दुमडीत शिवल्यात. टाके इतके बारीक की दिसू नयेत. असा हात या घरात एकाचाच. बटणासाठी मागवलेला सुईदोरा परत गेलाच नाही. बरोबर ना, मास्तर?"

मास्तरांनी पडद्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "पोरीने आईचं सांगितलं होतं. मी पडलो असतो, तर त्या माउलीचे कान माझ्यामुळे बंद राहिले असते. बसून राहिलो तर कुणाचं काय जातं, म्हटलं."

"मी गमतीने बोलले होते, बाबा," सिस्टर म्हणाली. आजवर ती त्यांना मास्तर म्हणत आली होती. "आणि हे मला काढायला निघालेत, तुम्ही चालत नाही म्हणून."

मास्तरांना हे ठाऊकच नव्हतं. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब चष्मा पुसत होते.

"पण काम चांगलं व्हावं म्हणूनच ठेवलं ना बक्षीस," ते म्हणाले.

"न पडण्याला ठेवलंत," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "मग जो उठतच नाही, तो पेशंट सगळ्यांत गुणी ठरतो."

"साहेब, मी पुष्कळ पोरांना हे काम शिकवलं," मास्तर म्हणाले. "कापड बिघडवलं नाही म्हणून शाबासकी दिली असती, तर एकानेही कात्री हातात धरली नसती. मी म्हणायचो, बिघडव, मी शेजारी आहे."

साहेबांनी चष्मा घातला. सिस्टरला काढायचा प्रश्नच नाही, म्हणाले. पेशंट किती चालू लागला यावर बक्षीस असावं आणि सिस्टर हाताशी असताना तोल गेला तर ते पडणं मोजू नये, असं ते वरिष्ठांपुढे मांडतील. ऐकतीलच, असं मात्र सांगता येत नाही.

"मांडा तर," वहिनी म्हणाल्या.

सुनेने कात्री पुढे केली. मास्तरांनी स्वतः टाके उसवले आणि काठी बाहेर ओढली.

"ही शिवण उसवताना कसं वाटतंय, मामंजी?" सुनेने विचारलं.

"तुझ्यापेक्षा बरी होती," मास्तर म्हणाले आणि उठले.

पहिल्या पावलाला गुडघा थरथरला. सिस्टरने त्यांना धरलं नाही. कोपराखाली, जरासा दूर, तिचा हात तेवढा चालत राहिला. मास्तर दारापर्यंत पोचले, उंबऱ्यापाशी थांबले आणि त्यांनी मागे वळून पाहिलं.

खिडकीतला उसवलेला पडदा वाऱ्यावर फुगला होता.