डाव्या हँडलची अट

सांगून कुणाला पटायचं नाही, पण तुमच्या आजोबांना मी एका सरकारी टेंडरच्या भांडणात पटकावलं.

माझ्या बाबांचा पंपांचा कारखाना. कारखाना कसला, चार कारागीर आणि एक लेथ. अग्निशमन दलाला पंप हवे होते, पण टेंडरमध्ये अट होती – हँडल डावीकडेच हवं. तसला पंप बनवणारी कंपनी एकच. आमचं हँडल उजवीकडे. हे काम हातचं गेलं की कारखान्याला कुलूप.

आमचा एक पंप हातगाडीवर घातला आणि तडक निघाले. दलाच्या फाटकाशी गाडी अडली. एका उंच तरुणानं मागून जोर लावला.

"कुणाशी भांडायला?"

"ही अट लिहिणाऱ्या गाढवाशी."

"मग… आत भेटूच," तो हळूच म्हणाला.

टेंडरच्या बैठकीत तो समोरच! दलाचा इंजिनिअर. कान लालबुंद.

"हँडल डावीकडेच का?" मी विचारलं.

"जवानांची सोय," मोठे साहेब म्हणाले.

"सगळे जवान डावखुरे आहेत वाटतं?"

हशा पिकला. इंजिनिअर मात्र उठून उभा राहिला. "अट मी लिहिली. साहेबांनी दिलेल्या त्या कंपनीच्या माहितीपत्रकावरून उतरवली. कारण मला सांगता येत नाही. ती काढा, आणि सगळ्यांचे पंप चालवून बघा."

साहेबांच्या तोंडावर, नवी नोकरी पणाला लावून! तो माझा कुणी नव्हता… तरी मान माझी ताठ झाली.

अट निघाली. मैदानात चाचणी झाली. आमच्या पंपाची धार अशी उडाली की वरून जाणारी घार आंघोळ करून गेली. खाली हा नखशिखान्त चिंब, चष्मा पुसत उभा.

"चहा घेता?"

"निकाल लागेपर्यंत… तुमच्याकडचं पाणीसुद्धा नाही."

"आत्ता पाच घागरी डोक्यावर घेतल्यात की."

ओठ दाबून हसला – आणि मी गेले कामातून.

काम आम्हालाच मिळालं. दुसऱ्या दिवशी स्वारी कारखान्यात हजर. कडक इस्त्री, कपाळावर घाम. बाबांना लेथ बंद करायला लावला, आणि सगळ्या कारागिरांदेखत खणखणीत आवाजात मला मागणी –

"साफ खोटं," पेपर खाली घेत आजोबा म्हणाले. "लेथ चालूच होता. मागणी तू घातलीस, तीही ओरडून. माझं होतं ते फक्त 'हो'. पण ते लेथच्या घरघरीतूनही ऐकू गेलं होतं, हे सांग पोरांना."