मागच्या उजव्या सीटचा दिवा

ही गोष्ट खरी आहे. पटली तर वाचा, नाही तर सोडून द्या, पण खाली "मस्त रंगवलीत" असं लिहू नका. रंगवायला मी लेखक नाही. मी शाळांना प्रयोगशाळेचं सामान विकतो आणि माझं अर्धं आयुष्य गाडीत जातं.

माझं नाव प्यो मानसॉक. राहायला छुनछॉनमध्ये. बायको हेरान आणि एकुलती एक मुलगी, सोलबी. तेव्हा ती सहा वर्षांची होती.

जे घडलं ते २०२३ सालच्या चांद्र नववर्षाच्या आदल्या दिवशी, हानग्ये घाटात, दुपारी चार वाजता. हो, दुपारी. भुतं रात्रीच निघतात असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

आधी गाडीचं सांगतो, कारण सगळं तिच्यातच घडलं.

चार वर्षं वापरलेली डिझेल सेडान. मध्यम आकाराची, घरच्यांसाठी घेतात तशी. चढावर अशी ओढायची की मागच्या ट्रकवाल्यानं तोंडात बोट घालावं. ताशी शंभरच्या वेगातही इंजिनाचा आवाज चढत नसे. एकदा टाकी भरली की हजार किलोमीटर बिनघोर. डिकीत किमचीचे दोन डबे, सोलबीची सायकल आणि माझ्या नमुन्यांच्या पेट्या बसूनही जागा उरायची. लिटरला अठरा किलोमीटर! हा आकडा मी मित्रांना इतक्यांदा ऐकवला की ते मला "अठरा" म्हणूनच हाक मारायला लागले.

आई यांगयांगला राहायची, घाटापलीकडे, समुद्राकाठी. तिचा फोनवर पहिला प्रश्न, "पूजा केलीस का?"

नव्या गाडीपुढे आम्ही डुकराचं मुंडकं मांडतो, चारी चाकांवर भाताची दारू ओततो आणि पांढरा दोरा गुंडाळलेला सुका मासा डिकीत ठेवतो. घरावर येणारं संकट तो मासा स्वतःवर घेतो.

"सेकंडहँड गाडीची कसली पूजा, आई? पहिल्या मालकानं केली असेलच की."

"त्यानं त्याच्या घरासाठी केली, गाढवा!"

पहिल्या मालकाचा मासा डिकीत होताच. स्टेपनीच्या खळग्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. हातभर लांब. मी पाहिला आणि तसाच ठेवला.

मग नोव्हेंबरातला एक शनिवार. आदल्या दिवशी ऑफिसची पार्टी झाली होती आणि माझं डोकं ठणकत होतं. असं झालं की आमच्याकडे सुक्या माशाचं सूप लागतंच. हेरान म्हणाली, "अहो, मासा संपलाय. खाली जाऊन घेऊन या."

मी खाली गेलो... पण दुकानापर्यंत गेलो नाही.

डिकी उघडली. दोरा सोडला आणि खिशात टाकला. मासा वर आणून म्हणालो, "आईनं पाठवला होता, गाडीतच विसरलो."

हेरानला मासे आवडत नाहीत. मला दोन घोटांतच उलटी झाली. सोलबीनं मात्र भात कालवून दोन वाट्या संपवल्या, वर बोटं चाटली.

म्हणजे तो मासा तिनं एकटीनं खाल्ला.

सोमवारी गाडी लिटरला पंधरा देऊ लागली. आठवड्याभरात साडेतेरा.

मी गाडी मिस्त्री गुककडे नेली. वीस वर्षांच्या ओळखीचा माणूस, तोंडानं फाटका, हातानं सोन्याचा. त्यानं फिल्टर बघितले, इंजेक्टर बघितले, ब्रेक धरतात का तेही बघितलं. सगळं ठणठणीत. मग गाडीच्या मागे जाऊन उकिडवा बसला.

"डिकीत काय भरलंयस?"

"काही नाही."

"मग सासूबाईंना मागं बसवून विसरलास का? स्प्रिंग बघ किती दबल्यात. मागं दोन मोठी माणसं बसल्यासारखी दिसतेय ही."

मी हसलो. तोही हसला. त्यानं मागचं दार उघडून आत पाहिलं... आणि हसायचं थांबला. आत कुणीच नव्हतं.

दार लावून तो म्हणाला, "घेऊन जा. पैसे नकोत."

त्याच आठवड्यात दिवे लागायला लागले.

या गाडीत सीटवर वजन असलं आणि पट्टा लावलेला नसला की समोर त्या सीटचा लाल दिवा लागतो आणि टिंग टिंग वाजत राहतं. पट्टा लावला की दिवा हिरवा होतो. रिकाम्या सीटचा दिवा लागत नाही.

मी एकटाच होतो. भर दुपारी, शाळेच्या आवारात.

टिंग... टिंग... टिंग...

मागच्या सीटचे दोन दिवे लाल. डावा आणि मधला.

सेन्सर बिघडला असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण डिसेंबरात एकदा सोलबीला शाळेतून आणताना ती मागून कुरकुरली, "बाबा, यांना सरकायला सांगा ना."

"कुणाला गं?"

"काकूंना. त्यांच्या मांडीवर ती मुलगी आहे ना, तिचे पाय मला लागतात."

मी आरशात पाहिलं. सोलबी नेहमीसारखी उजवीकडे, पण दाराला चिकटून, अंग चोरून बसली होती. शेजारची जागा रिकामी होती.

घरी पोचताच मी गाडी विकणाऱ्या दलालाला फोन लावला. पहिला मालक कोण होता ते विचारलं.

"नवरा-बायको आणि एक मुलगी. गाडीला ओरखडासुद्धा नव्हता, साहेब."

"आणि माणसांना?"

"मी गाड्या विकतो," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला.

मग मी आईला सगळं सांगितलं. सूपसुद्धा. वाटलं होतं शिव्या घालेल. तिनं शिव्या घातल्या नाहीत, त्यानंच मला जास्त भीती वाटली.

"सणाला गाडी इकडे आण. मी करते काय करायचं ते. पण पोरीला त्या गाडीत बसवू नकोस. बसनं आण. ऐकतोयस ना?"

ऐकलं. पण सणाच्या बसची तिकिटं महिनाभर आधीच संपलेली. हेरानला काय सांगणार होतो? तिला तर माशाचंच माहीत नव्हतं. जेमतेम सव्वाशे किलोमीटर, तीन तासांचा रस्ता, दिवसाउजेडी. मी सोलबीला गाडीत बसवलं.

माझी चूक आहे. आणि ती मी रोज कबूल करतो.

हायवे तुंबला होता, म्हणून जुन्या घाटाचा रस्ता धरला. चढ सुरू झाला आणि गाडीनं मान टाकली. एरवी हा घाट ती गाणं म्हणत चढायची. आज पाय पूर्ण दाबूनही तीसच्या वर जाईना. धुकं इतकं की पुढच्या गाडीचा दिवाही दिसेना.

मागे सोलबी हळू आवाजात बोलत होती.

"कुणाशी गप्पा चालल्यात?" हेराननं पुढूनच विचारलं.

"काका विचारतायत, किती लांब आहे."

"कुठले काका?"

सोलबी एवढंच म्हणाली, "शू आलीय."

घाटमाथ्यावर थांबायची जागा आहे. मी गाडी लावली. हेरान तिला घेऊन स्वच्छतागृहाकडे गेली, वीसेक पावलांवर. इंजिन चालू होतं आणि मी एकटाच बसलो होतो.

तेवढ्यात मागे आवाज झाला.

धप्...

धप्...

दारं उघडून लावल्यासारखा. दोन्ही बाजूंनी. आणि गाडीचा मागचा भाग सावकाश वर उचलला गेला, मला तो सीटमधून जाणवला.

मी बाहेर उडी मारली. धुक्यात कुणी नव्हतं. समोरून हेरान एकटीच येत होती.

"सोलबी तुमच्याकडे आली ना?"

अकरा मिनिटं. अकरा मिनिटं आम्ही तिच्या नावानं ओरडत फिरलो. हेरानची चप्पल कुठे पडली तेही तिला कळलं नाही. शेवटी ती दिसली. दरीच्या कठड्याशी, आमच्याकडे पाठ करून. मी हाक मारली. वळली नाही. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा, कुणीतरी खांद्याला हात लावून सांगावं तशी ती वळली.

"इथंच तर होते," म्हणाली.

आमचे केस धुक्यानं ओले झाले होते. तिचे कोरडे होते.

हेरान घाबरून मागेच बसली, डावीकडे. पोरीला मध्ये घेऊन पदराआड धरावं तसं कोटात धरलं. उतारावर गाडी जी निघाली! हलकी, जुनी, माझी गाडी. आकडा पुन्हा अठरावर. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी हसलो. ते उतरले, गेले, संपलं.

टिंग... टिंग... टिंग...

मागची उजवी सीट. लाल.

"हेरान, पिशवी शेजारी ठेवलीस का?"

"नाही, पायाशी आहे."

यांगयांगला आई अंगणात दारूची बाटली घेऊन उभी होती. पोरगी उतरली आणि आजीला वाकून नमस्कार केला, अगदी रीतसर. आमची सोलबी आजीला बघून नेहमी धावत जाऊन पोटावर आदळायची.

आई तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हेरान, सोलबी कुठंय?"

"आई, ही काय समोर! चष्मा लावा."

"हो... हो. डोळे गेले माझे."

ती गाडीपाशी आली. मागचं उजवं दार उघडलं आणि वाकून कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. चाकांवर दारू ओतलीच नाही. मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाली, "ही गाडी कधी विकू नकोस." का ते तिनं सांगितलं नाही. पुढच्या वर्षी ती वारली.

घरातली मुलगी आता नऊ वर्षांची आहे. शाळेत हुशार, बोलायला गोड. हेरान म्हणते, पोरगी किती समजूतदार झाली. मी हो म्हणतो. गाडीत मात्र ती बसत नाही. मी एकदाच कारण विचारलं होतं.

"त्या गाडीत खूप दिवस बसले, बाबा. आता नको."

मी एकटा निघालो की उजवा दिवा लागतो. मी मागे जाऊन पट्टा लावतो, तो हिरवा होतो. मागची सीट गरम करायची सोय आहे, थंडीत ते बटण मीच दाबतो. रस्ताभर बोलतो. शाळेत काय झालं, आजीच्या गावी बर्फ पडला का, असलं काहीबाही. हेरानला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती घरातल्या मुलीकडे कशी बघेल, ही भीती वाटते.

गेल्या महिन्यात मिस्त्री गुकनं इंजिन उघडलं. अडीच लाख किलोमीटर झालेत.

"डिझेल आहे, सांभाळून चालवलीस तर अजून लाखभर जाईल," तो म्हणाला.

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर काय? भंगार. दाबून एवढासा ठोकळा करतात."

त्यानं हातानं ठोकळा केवढा ते दाखवलं. मी तिथून निघालो, रस्त्यात गाडी बाजूला घेतली आणि रडलो. मागचा हिरवा दिवा लागलेलाच होता.