मागाच्या टोकाला

"माझा टग खडकावर चढवणाऱ्या बाई तुम्हीच ना?"

दारात टगचा, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीचा, कप्तान उभा होता, नि ती खुर्चीतच अवघडली. विमानातल्या रडारने टिपलेल्या चित्रांत जहाजं हुडकायची, हे तिचं काम. काल तिने त्याची बोट थेट खडकांवर दाखवली आणि मालकाने बिचाऱ्याला फैलावर घेतलं होतं.

"चालतं जहाज या चित्रांत बाजूला सरकलेलं दिसतं," ती पुटपुटली. "पाण्यातला माग मात्र जागेवर राहतो. मी ठिपका पाहिला, माग पाहिलाच नाही. चुकलं माझं."

"म्हणजे मी दिसतो तिथे नसतो?"

"चालत असाल तर... नाही."

"मग थांबायलाच हवं," म्हणत त्याने खुर्ची ओढली. पुढे काही ना काही निमित्त काढून तो येतच राहिला. "कामं नाहीत का तुम्हाला?" असं ती तोंडाने म्हणायची, कान मात्र दाराकडे असायचे.

मग वादळाची ती दुपार आली. टगमध्ये पाणी शिरतंय, किनारा गाठायला बघतोय — एवढं बोलून त्याचा वायरलेस बंद पडला. ताजं चित्र तिच्यासमोर आलं. ठिपका ठसठशीत होता. माग दूर, अगदी पुसट.

"ठिपक्यावर हेलिकॉप्टर पाठवतोय," बचावकक्षाचे साहेब फोनवर म्हणाले.

"नको साहेब. मागाच्या टोकाला पाठवा."

"तिथे तर नुसतं पाणी दिसतंय. आणि दोन्हीकडे शोधायला इंधन पुरणार नाही. खात्री आहे तुमची?"

तो माग नसून लाटेचीच रेघ असली तर... तिने डोळे पुसून पुन्हा पाहिलं. लाटा सगळ्या आडव्या, आणि ही रेघ त्यांना कापत किनाऱ्याकडे निघालेली. हट्टी, अगदी त्याच्यासारखी.

"आहे. तो तिथेच आहे."

आता नुसती वाट बघणं उरलं. तो आपल्याला आवडतो, हे तिने आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. आता ते ऐकायला तो तरी उरेल का...

फोन वाजला. टग बुडाला होता. माणसं सगळी वर घेतली होती.

संध्याकाळी तो दारात आला, खांद्यावर कुणाचीतरी चादर. "रडारबाई, आता मालक पुन्हा फैलावर घेणार."

ती हसली नाही. पुढे होऊन तिने त्याची बाही घट्ट धरली.

"इथेच आहेस ना तू?"

'तू' ऐकून त्याने तिच्या हातावर आपला हात ठेवला.

"आहे," तो हळूच म्हणाला. "थांबलोय... तुझ्यासाठी."