फणीचा रविवार

"बाई... रागावू नका, पन एक सांगू काय?"

मागच्या बाकावरून आवाज आला, तशी जयवंता ताठ बसली. अकोल्याहून अकोटला निघालेली संध्याकाळची एस.टी. खच्चून भरली होती. डिसेंबरची बोचरी हवा खिडकीतून आत घुसत होती आणि दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कापसाची पांढरी वावरं मागे पळत होती. एकट्या पोरीशी बोलायला निमित्त शोधणारे लोक तिला चांगले माहीत होते.

"काही सांगायचं नाही," मागे न बघताच ती म्हणाली.

"बरं."

गाडीनं एक खड्डा खाल्ला. दुसरा खाल्ला. मग तोच आवाज, जरा अवघडून –

"पन थे चालून रायली ना..."

"कोण?"

"थे... तुमच्या खांद्यावर."

तिनं मान वळवली. पांढऱ्या स्वच्छ पदरावर तिळाएवढी ऊ सावकाश, कुणाची भीडभाड न ठेवता चालली होती.

जयवंताच्या कानाच्या पाळ्या पेटल्या. हात उचलावा, तर तो उचलेना. तेवढ्यात मागून दोन बोटं पुढे आली. वंगणानं काळी झालेली, पण किती जपून! तिच्या खांद्याला जराही न लागता त्यांनी ती ऊ उचलली आणि खिडकीबाहेर सोडून दिली.

"काय होतं व?" शेजारच्या म्हातारीनं मान लांब करून विचारलं.

"मुंगी होती, मावशी," तो शांतपणे म्हणाला. "कोनाच्या तरी गुळाच्या पोत्यावरून चढली असन."

जयवंताला साधे आभारही मानता आले नाहीत. तिनं पदर डोक्यावरून घेतला, घट्ट धरून ठेवला. बाहेर अंधारत आलं, तेव्हा खिडकीच्या काचेत तिला तो दिसला... सावळा, शिडशिडीत, मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला यंत्राचा सुटा भाग. तो मुद्दाम दुसरीकडे बघत होता. आपल्याला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून! हे कळलं आणि तिला आणखीच लाज वाटली. त्या लाजेत आणखीही काहीतरी होतं, पण त्याचा विचार करायची तिची तयारी नव्हती.

जयवंता अकोटच्या मुलींच्या प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गावर होती. तिच्या घरानं छप्पन साली धम्म स्वीकारला, तेव्हा ती शिकतच होती. गावाकडच्या वस्तीतून शिकून मास्तरीण झालेली ती पहिलीच. म्हणून तिची साडी कायम धुतलेली, वेणी चापूनचोपून घातलेली. कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये, एवढाच तिचा शृंगार. आणि आता त्याच वेणीत...! वर्गातल्या पोरी वाचताना तिच्या कुशीत शिरायच्या, खांद्यावर डोकी टेकायच्या. तिला ते आवडायचं. रोज ती दार लावून फणी फिरवायची. घरमालकिणीला कळू नये म्हणून फणीसुद्धा ट्रंकेत लपवायची.

आणि सोमवारी शाळेत पालकांची सभा होती. विषय – मुलींच्या डोक्यातल्या उवा! बोलणार कोण? जयवंताबाई.

सभेला सगळ्या आयाच आल्या होत्या. बायकांचे पदर, कडेवरची पोरं, सतरंजीवर दाटी. जयवंता बोलायला उभी राहिली आणि दारात तिची नजर अडकली. तोच. एस.टी.तला. त्याचं बोट धरून तिच्याच वर्गातली मैना उभी होती.

"मी मैनीचा काका, देवमन," तो चाचरत म्हणाला. "कापसाच्या जिनात फिटर हाओ. वयनी वेचणीले गेली, म्हनून मले धाडलं. बसू काय?"

बायका पदराआड हसल्या. उवांवर भाषण करणाऱ्या बाईंच्या डोक्यातच उवा आहेत, हे या सभेत एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो समोर मांडी घालून बसला होता.

ती काय बोलली तिचं तिलाच कळलं नाही. तेल... फणी... उशीचे अभ्रे... मध्येच दुर्गाबाई उठल्या. त्यांचे यजमान महादेवराव कापसाचे मोठे अडते; त्यांची मुलगी वर्गात पुढच्या बाकावर बसायची.

"बाई, आमच्या घरी असलं काही नसते," दुर्गाबाई म्हणाल्या. "हे कुठून येते थे सगळ्यायले ठाऊक हाय. त्या वस्तीतल्या पोरी येगळ्या बसवा, म्हनजे झालं."

मुख्याध्यापिका गोदाबाई स्वभावानं वाईट नव्हत्या, पण अडत्यांच्या बायकोपुढे त्यांचा आवाज बसायचा. त्या खाली बघत म्हणाल्या, "ठीक आहे. सध्यापुरतं... मैना आणि तिकडच्या मुली उद्यापासून पडवीत बसतील. जयवंताबाई, तुम्ही तेवढं बघा."

मैनानं काकाकडे पाहिलं. देवमनचा चेहरा काळवंडला. त्यानं एकदाच – अगदी एकदाच – नजर उचलून जयवंताकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आता हा सांगणार! त्याला एक वाक्य पुरेसं होतं. पण तो बोलला नाही. पुतणीचा अपमान त्यानं मुकाट्यानं गिळला आणि तिचं गुपित तेवढं जपलं.

पडवी! जयवंता स्वतः पडवीत बसून शिकली होती. खिडकीच्या गजांतून फळा दिसायचा, अर्धाच. उरलेलं गणित मनानं पुरं करायचं. आपण बोललो तर उद्या अख्खं अकोट म्हणेल, बघा, बाईच तसल्या. आणि नाही बोललो तर?

"मैना पडवीत बसणार नाही," ती म्हणाली. "नाहीतर... मलाही पडवीत बसावं लागेल. माझ्या डोक्यात उवा आहेत."

सतरंजीवरच्या दोघीतिघी मागे सरकल्या. गोदाबाईंचा चष्मा नाकावर आला.

"म्हनजे तुमच्यापासूनच..." दुर्गाबाईंनी सुरुवात केली.

"कोणापासून कोणाला, ते मला नाही सांगता यायचं. पण वर्गातली सगळी डोकी मी पाहिली आहेत. मागच्या बाकावरची, पुढच्याही. नावं मी घेणार नाही. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. दोन पोरी एका पुस्तकात डोकी घालून वाचतात, तेव्हा ती इकडून तिकडे जाते. पोरींनी सोबत वाचू नये, असं सांगू का मी?"

दुर्गाबाई हळूच खाली बसल्या. मग ती मान खाली घालूनच म्हणाली, "रविवारी सकाळी शाळेच्या अंगणात या. फणी आणा, खोबरेल आणा. घासलेट नको, कातडी भाजते, आणि चुलीपाशी बसलं तर जीव जाईल. एकीचं डोकं साफ करून भागत नाही, घरातल्या सगळ्यांची एकदमच पाहावी लागतात. लिखा केसाला चिकटून राहतात, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा फणी. आणि रविवारी... पहिलं डोकं माझं विंचरा."

डोळे भरून यायच्या आत ती वर्गाबाहेर पडली. देवमन उठून दारापर्यंत आला. तो काहीतरी म्हणायला गेला, पण ती थांबली नाही.

रविवारी ती अंगणात जाऊन बसली तेव्हा तिथे कडुनिंबाचा पाला आणि एक कुत्रं, एवढंच होतं. कुणी नाही आलं तर? याहून मोठी फजिती कोणती? मग फाटकातून मैनाची आई मनकर्णा आली, मागे वस्तीतल्या चारचौघी. मग बाजारातल्या दोघी, इकडेतिकडे बघत. मनकर्णानं जयवंताची वेणी सोडली. सगळ्यांदेखत केस मोकळे झाले आणि जयवंताला उघडं पडल्यासारखं वाटलं. तिनं डोळे मिटून घेतले. तेल ओघळत होतं, फणी करकरत होती.

"वा व बाई, केस तं लय दाट हायेत तुमचे," मनकर्णा म्हणाली. "म्हनून तं तेयले आवडले!"

"कुणाला?"

"मुंगीले," मनकर्णा फिसकन हसली. "देवमननं सांगतलं मले एस.टी.चं. मलेच फक्त."

जयवंतानं डोळे उघडले. "ते... नाही आले आज?"

"नाई. शरम वाटते म्हने त्याले."

शरम! उवांच्या बाईची शरमच वाटणार. इतक्यात फाटक वाजलं. दुर्गाबाई होत्या, मुलीचा हात धरून. त्या सरळ जयवंताशेजारी चटईवर बसल्या. मुलीची वेणी सोडता सोडता, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "हिच्या डोक्यात मी दिवाळीतच पायल्या होत्या, बाई. कोनाले सांगू? सासूनं मलेच बोल लावला असता."

जयवंतानं फणी उचलली आणि त्यांच्या मुलीला पुढ्यात बसवलं. पडवीची गोष्ट त्यानंतर शाळेत कुणी काढली नाही.

दिवस गेले. डोकी साफ झाली. पण देवमन मात्र तिला टाळू लागला. बाजारात ती दिसली की तो भाजीच्या गाड्याआड व्हायचा. एकदा तर चक्क सायकल उचलून गल्लीत शिरला. सुरुवातीला तिला वाईट वाटलं, मग राग आला. आणि एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, ती सरळ जिनाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. मास्तरीण जिनाच्या फाटकाशी! येणारेजाणारे बघत होते. बघू देत... लाजायचं आता काय शिल्लक होतं?

देवमन बाहेर आला आणि जागीच थबकला.

"माझी एवढी शरम वाटते तुम्हाला?" तिनं विचारलं.

"तुमची?" तो गोंधळला. "कोन म्हनलं?"

"मग लपता कशाला? काहून लपता?"

'काहून' तिच्या तोंडून निसटलं. शाळेत ती कधीच असं बोलायची नाही. त्याच्या डोळ्यांत हसू आलं आणि लगेच मावळलं.

"बाई, मले माहीच शरम वाटते," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मैनीले पडवीत बसा म्हनलं, अन् मी मरदमानूस मुंडी खाली घालून बसलो. एक शब्द नाई निघाला तोंडातून. उठल्या तुमी. तेबी सोताची अब्रू घालून... थ्या दिवसापासून तुमच्यासमोर कोन्त्या तोंडानं यावं, हेच समजून नाई रायलं."

"तुम्ही गप्प होतात ते माझ्यासाठी," ती हळूच म्हणाली. "बोलला असता, तर माझंच नाव निघालं असतं."

"थे अर्धं खरं." त्यानं बोटांवरचं वंगण पुसलं. "अर्धी भीतीच होती."

इतका खरं बोलणारा माणूस तिनं पाहिला नव्हता. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि तिला हसूच फुटलं. जिनातला कापूस उडून त्याचं सगळं डोकं पांढरं झालं होतं. भुवया पांढऱ्या, मिशीसुद्धा पांढरी.

"काय झालं?"

"म्हातारे झालात तुम्ही!"

त्यानं केसांवर हात फिरवला. कापसाचा एक पुंजका तरंगत तिच्या पदरावर येऊन बसला. तिनं तो झटकला नाही.

"म्हातारपनी असाच दिसन मी," तो म्हणाला. मग एकदम धीर करून, तिच्या डोळ्यांत बघत – "पाहाले रायसान काय, तवापर्यंत?"

आत यंत्रांची घरघर चालली होती. फाटकावरचा पहारेकरी उगाचच खोकला. जयवंताच्या कानाच्या पाळ्या पुन्हा पेटल्या. पण या खेपेला तिनं पदर डोक्यावर ओढला नाही.

"रायीन," ती म्हणाली.