खूण केलेली थाळी

"ह्या गोया कोन्या?" दारातूनच धुरपदाबाईंनी विचारलं, आणि मालतीबाई गडबडीने पुढे झाल्या. न कळवता आलेल्या ह्या बाई म्हणजे त्यांच्या लेकीच्या, वैशालीच्या होणाऱ्या सासूबाई. समोर वैशाली मान खाली घालून बसलेली, आणि तिच्यापुढे तिची वहिनी रंजना, एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या तळव्यावर टीबीच्या गोळ्या. धुरपदाबाईंचे थोरले दीर त्याच आजाराने गेले होते. गोळ्या त्या बरोबर ओळखून होत्या.

"सूनन्या," सुनेकडे बोट करत मालतीबाई बोलून गेल्या.

रंजनाने एकदाच सासूकडे पाहिलं... आणि मूठ मिटून घेतली.

"तिना भांडा येगळा ठेवतस ना?"

"ठेवतस ना," मालतीबाई म्हणाल्या, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी रंजनाच्या थाळीच्या काठावर खिळ्याने फुली ओढली. एकदा खोटं बोललं की ते असं निगुतीने सांभाळावं लागतं!

रंजना सुरतेच्या गोडादऱ्यातल्या त्या गल्लीची आरोग्यसेविका. सोमवार, बुधवार, शुक्रवार गल्लीतले सहा रोगी तिच्या ओट्यावर येत, तिच्याच माठातल्या पाण्याने, तिच्या डोळ्यांदेखत गोळ्या गिळत. पाच वर्षांपूर्वी प्लेगच्या भीतीने अर्धं सुरत गावाकडे पळालं, तेव्हा हीच पोर दारोदार औषध वाटत फिरली होती. आणि मालतीबाई? त्या मिळेल त्या गाडीने अमळनेरला निघून गेल्या होत्या.

आता फुलीच्या थाळीची गोष्ट बाहेर गेली आणि गल्ली बोलू लागली. "जिले सोताले टीबी, ती दुसरास्ले काय बरं करी?" सहाचे चार झाले, चाराचा एक, आणि मग कुणीच नाही. रंजना मात्र नेमाने सहा पेले भरून ओट्यावर मांडायची, दारोदार हाका मारून यायची, आणि दुपारी तेच पाणी तुळशीत ओतायची... मालतीबाई आतून बघत. एकदा खरं सांगावं म्हणून त्या उंबऱ्यापर्यंत गेल्या, पण वैशालीची हळद डोळ्यांपुढे आली आणि पाय मागे फिरला.

महिन्याभराने एका सकाळी समोर राहणाऱ्या निंबाला, त्या सहा रोग्यांतल्या एकाला, चौघांनी उचलून रिक्षात घातलं. कापडाच्या लूमवर राबणारा धट्टाकट्टा माणूस, अर्ध्या औषधावर बरा वाटू लागलेला; आज त्याच्या गमछ्यावर रक्त होतं. रंजना धावली, तर त्याची बायको रुक्मिणी हिने तिचा हात झिडकारला. घरात येऊन रंजना भिंतीशी बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा सासूपुढे रडली.

"आत्याबाई, माले काहीबी म्हना... पन त्यास्न्या गोया चुकन्यात."

मालतीबाईंना तिच्याकडे बघवेना. लेकीचं लग्न सांभाळायच्या नादात आपण सुनेची अब्रू दिली, आणि तिच्याबरोबर कुणाचं कुंकूही पणाला लावलं! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

शुक्रवारी धुरपदाबाई लग्नाची तारीख घेऊन आल्या. मालतीबाई त्यांना घेऊन रंजना बसली होती त्या ओट्यावर आल्या, आणि गल्लीतल्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण मान वर न करता म्हणाल्या, "गोया मन्या पोरन्या शेतस. सूनले काहीच व्हयेल नही. मी खोटं सांगं."

धुरपदाबाईंनी चपला घातल्या आणि त्या निघून गेल्या. वैशाली आतून आली, रंजनापुढे बसली, हात पुढे केला. सर्वांदेखत तिने गोळ्या गिळल्या. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलंही नाही.

दवाखान्यातून नुकतीच परतलेली रुक्मिणी आपल्या दारात उभी होती. "महिनाभर काबरं नही सांगं, मावशी?" तिने हळूच विचारलं. रुक्मिणी ओट्यापाशी आली, आणि नवऱ्याचं नाव न घेता रंजनाला म्हणाली, "ताई, त्या दवाखानामाईन घर उनात का गोया देवाले येशील ना?"

रंजनाने होकारार्थी मान हलवली.

त्या संध्याकाळी ताटं वाढताना मालतीबाईंनी फुलीची थाळी आपल्यापुढे ओढली.

"आत्याबाई, ती मनी शे."

"आतेपासून मनी."

रंजना आपली भाकरी घेऊन समोर बसली, आणि त्याच थाळीत तिने पहिला घास कालवला.