पायाखालचा पत्रा

दुर्गा गेली हे राघोला रविवारी दुपारी कळलं. तो स्वयंपाकघरात कुकर उतरवत होता. फोन मुलीचा होता, आरोहीचा. "पप्पा, आईची गाडी..." एवढंच ती बोलू शकली. पुढचं कोणा परक्या माणसाने सांगितलं.

दुर्गा ड्रॅग रेसच्या गाड्या चालवायची. सरळ धावपट्टी, शेजारी-शेजारी दोन गाड्या, काही सेकंदांत निकाल. त्या दिवशी तिच्या गाडीचा शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा दांडा, वेगात असताना तुटला. तो खालचा पत्रा फाडून थेट आत शिरला. पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली.

राघोला एकच गोष्ट झोपू देत नव्हती. तो पत्रा नवा होता. खाऱ्या हवेने जुना गंजला, म्हणून दुर्गानेच मागे लागून बदलून घेतला होता. नियमाप्रमाणे जाड लोखंडाचा, चारही बाजूंनी वेल्डिंग केलेला. तुटलेला दांडा अडवायलाच तर तो असतो. मग अडला का नाही?

तेरावं झालं आणि पुढच्या सोमवारी राघो भाईंदरजवळच्या डोंगरीला गेला. टीमची शेड तिथेच होती. आरोही आत होती, दुसऱ्या गाडीचे पट्टे तपासत. येत्या रविवारच्या रेसमध्ये ती गाडी आरोही चालवणार होती.

"नको चालवूस," राघो म्हणाला.

"पप्पा, पुन्हा तेच? आईने माझ्यासाठीच तयार केलीय ती."

"मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते. म्हणून घरी बसू?"

राघो मागे वळला. कोपऱ्यात ताडपत्रीखाली दुर्गाची गाडी होती. त्याने ताडपत्री उचलली. समुद्र जवळ, त्यामुळे उघडे पडलेले नट-बोल्ट गंजून लाल झाले होते. फाटलेल्या पत्र्याची कड मात्र चकचकीत होती.

बाकड्यावर बोल्ट ठेवायची चुंबकाची वाटी होती. ती त्याने पत्र्याला लावली. वाटी घसरून खाली पडली.

ॲल्युमिनियम. आणि तेही पातळ, वर काळा रंग मारलेलं.

रेसच्या आधी गुरुवारी तपासणी झाली होती. राघो तेव्हा दुर्गाचा डबा घेऊन आला होता. तपासनीस हेमालीने याच जागी चुंबक लावलं होतं आणि ते टक्कन चिकटलं होतं. मग पासची खूण म्हणून तिने पत्र्यावर पंचने, म्हणजे टोकदार लोखंडी खिळ्याने, ठोकून तीन टिंबं उठवली होती. म्हणजे पत्रा बदलला तो तपासणीनंतर.

त्याने वाटी आरोहीच्या गाडीला लावून पाहिली. चिकटली. त्याला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. दुर्गाच्या गाडीलाही गुरुवारी चिकटलंच होतं की!

शेडच्या चाव्या दोघांकडेच होत्या, बाकीचे त्यांच्याकडून मागून घ्यायचे. मेकॅनिक निकेत आणि गाड्यांचा मालक जितेश.

निकेतचं गॅरेज वरसाव्याला होतं. राघोला पाहून तो उठून उभा राहिला.

"पत्रा तूच बसवलास?"

"हो काका. वेल्डिंग माझं. काकींनी स्वतः हातोडी मारून बघितला."

"तपासणीनंतर शेडमध्ये गेला होतास?"

"नाही. का?"

"चावी कोणाला दिलीस?"

"कोणाला नाही. काका, काय झालंय? माझा पत्रा उखडला का? खरं सांगा, मी पण झोपत नाहीये."

निकेत खरं बोलतोय की चांगलं खोटं, हे त्याला ठरवता येईना.

जितेश भाईंदरला केबिन रोडवरच्या त्याच्या दुकानात भेटला. वडिलांच्या वेळचं फरशांचं दुकान. भिंतीला टेकून नमुने लावलेले. त्याने स्वतः खुर्ची पुसून दिली.

"बसा काका. चहा सांगू?"

"नको. त्या पत्र्याबद्दल विचारायचं होतं."

"अहो, जुनी लादी गंजली, नवी टाकली, पास पण झाली. अजून काय करायचं माणसाने? नशीब, दुसरं काय!"

"तपासणीनंतर गाडीला कोणी हात लावला?"

"निकेतला विचारा. त्याचं डिपार्टमेंट आहे. आणि काका, ती गाडी आता भंगारात देऊन टाकू. बघवत नाही हो."

राघो बाहेर पडला. दुकानासमोरच्या गटारावर एक काळा पत्रा टाकला होता. पाय पडताच तो खणखणला.

शुक्रवारी राघो पुन्हा डोंगरीला गेला. शेडच्या कुंपणाला लागून जिजाबाईचं अंगण होतं. ती बोंबील वाळत घालत होती.

"मावशी, दुर्गाच्या रेसच्या आधी शेडमध्ये काही आवाज झाला होता?"

"झाला त! कटरचा आवाज. शुकरवारीच. दिवे लागले व्हते. कान किटले माजे."

"कोण होतं?"

"तोंड न्हाय बघला. कुंपनाच्या पल्याड एक पोरगा कारागिराला सांगत व्हता, जाड लादी काढ न् पातळ बसव. मना वाटला बरफाची लादी हाय. मंग मीच हसलू. बोटी सगल्या दर्यान, बरफ कोनाला पायजे?"

"लादीच म्हणाला? नक्की?"

"मी म्हातारी हाय, भैरी न्हाय."

राघो बसमध्ये बसला, पण घरी गेला नाही. भाईंदर स्टेशनचा पूल ओलांडून तो पूर्वेला उतरला. केबिन रोडवर दुकानं बंद होत होती. तो गटाराजवळ वाकला. मग त्याने हेमालीला फोन केला.

"काका, आरोहीच्या गाडीची तपासणी कालच झाली. मी स्वतः पास केलीय."

"म्हणूनच म्हणतो, उद्या सकाळी या. चुंबक घेऊन या."

शनिवारी सकाळी सगळे शेडमध्ये होते. राघोने जिजाबाईलाही बोलावलं होतं. आरोही सीटवर पट्टे बांधून बसली होती, बैठक जमतेय का ते बघायला. हेमालीने वाकून गाडीखालून चुंबक लावलं.

चुंबक जमिनीवर पडलं.

तिने पुन्हा लावलं. पुन्हा पडलं. राघो गाडीपाशी गेला.

"आरोही, खाली उतर," तो म्हणाला. या वेळी ती वाद न घालता उतरली.

"निकेत!" जितेश ओरडला. "काय केलंस हे?"

"मी पत्र्याला हात नाही लावला!" निकेत रडायच्या बेतात आला.

"मग कोणी लावला? गुरुवारी लादी पास झाली होती!"

"ह्योच!" जिजाबाई जितेशकडे बोट दाखवत पुढे आली. "ह्योच आवाज, न् ह्योच बोली!"

राघो हळूहळू बोलायला लागला. "निकेत त्याला पत्रा म्हणतो. हेमालीताई आणि आरोही फ्लोअर म्हणतात. गाडीतल्या पत्र्याला लादी म्हणणारा इथे एकच आहे. फरशांच्या दुकानात वाढलेला. त्या शुक्रवारी जितेशने दुकानातला कटरवाला आणला. जाड लोखंड कापून काढलं, पातळ ॲल्युमिनियम रिव्हेटांनी बसवलं, वर काळा रंग दिला. रेसच्या दिवशी कोणी पुन्हा चुंबक लावत नाही, नुसता पासचा स्टिकर बघतात. गाडी काही किलोंनी हलकी झाली. तेवढ्याने नंबर वर जातो. काल त्याने आरोहीच्या गाडीचंही तेच केलं."

"कोणाचीही बोली ऐकून काहीही बोलाल?" जितेश म्हणाला. आवाज चिरकला होता. "पुरावा काय?"

"तुझ्या दुकानासमोरच्या गटारावर आहे. काल मी तो उलटा केला. खालच्या बाजूला तीन टिंबं आहेत."

हेमालीने तोंडावर हात ठेवला. "माझा पंच."

जितेश बाकड्यावर बसला. "काका, शाफ्ट तुटेल असं कोणाला वाटलं होतं? काकींना मारायचं नव्हतं हो मला."

"तुटेल म्हणूनच नियम आहे," राघो म्हणाला. "तिला वाचवणारा पत्रा तू गिऱ्हाइकांच्या पायाखाली घातलास. मीही त्यावर पाय देऊन आलो."

आरोहीने पोलिसांना फोन लावला.

गटारावरचा पत्रा पोलीस घेऊन गेले. जितेश कोठडीत आहे. आरोहीच्या गाडीत निकेतने नवं लोखंड बसवलं, पण त्या रविवारी आरोहीने ती चालवली नाही.

दुर्गाची गाडी डोंगरीलाच आहे. तिच्यात पत्रा बसवायचा राहिला आहे.