ब्रुनोने नक्की काय निवडलं?

शुक्रवारी सकाळी साडेसातला ब्रुनो चेकातो किल्ल्यांच्या फळीसमोर येऊन उभा राहिला. त्याच्या गाडीची किल्ली जागेवर नव्हती.

"ग्लेनिस, किल्ली कुठंय माझी?"

ग्लेनिस टॅपरने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. ग्रिफिथ गावातल्या 'रिव्हरबेंड पंप्स'मध्ये दर्शनी टेबलावर बसून तिला चोवीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात तिने कोणावरही पटकन विश्वास ठेवला नव्हता. नवऱ्याने बाहेर गारठा आहे म्हटलं तरी ती खिडकीबाहेर हात काढून खात्री करून घ्यायची.

"नेव्हिलने काल काढून ठेवली. तू भत्ता घेतलास ना? मग गाडी जमा."

"भत्ता? मी?" ब्रुनो हसला. मग त्याच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये.

भानगड अशी होती. नवा मॅनेजर हेमी पराटा याने फिरतीवरच्या पाचही विक्रेत्यांना एकेक कागद दिला होता. त्यावर दोन चौकटी. कंपनीची गाडी ठेवायची, की दरमहा भत्ता घेऊन स्वतःची गाडी वापरायची, ते दाखवा, खाली सही करा आणि कागद पेटीत टाका. भत्ता घेणाऱ्याची स्वतःची गाडी पाच वर्षांच्या आतली हवी. ब्रुनोच्या दारात होती ती पंचवीस वर्षांची म्हातारी, जी चर्चपर्यंत गेली तरी घरी कौतुक व्हायचं. हिल्स्टनपासून 'हे' नावाच्या गावापर्यंतचा त्याचा शेतीवाडीचा रस्ता कंपनीच्या दांडग्या पांढऱ्या गाडीवरच चालायचा, आणि बायकोला, आसुंताला, उपचारांसाठी दर मंगळवारी वागा शहरात न्यायचा तो त्याच गाडीतून. अशा माणसाने भत्ता निवडावा?

हेमीने केबिनमध्ये बोलावून कागद समोर ठेवला. ग्लेनिसही मागोमाग घुसली. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

भत्त्याच्या चौकटीत १. गाडीच्या चौकटीत २. खाली ब्रुनोची सही.

"पहिली पसंती भत्ता," हेमी म्हणाला. "याहून स्पष्ट काय असतं? सोमवारपर्यंत गाडीचं बघ, ब्रुनो. नाहीतर तुझा रस्ता गुरलीनकडे द्यावा लागेल. माझाही नाइलाज आहे."

ब्रुनो त्या कागदाकडे बघतच राहिला. बोलला तेव्हा त्याचा आवाज एकदम खाली गेला होता.

"सही तर माझीच दिसते."

बाहेर आल्यावर तो ग्लेनिसच्या टेबलाशी बसला. "माझ्या बापाचं विसरणं असंच सुरू झालं होतं. आधी चाव्या, मग नावं, शेवटी मी. बासष्टाव्या वर्षी. मी आत्ता एकसष्टचा आहे. गेल्या महिन्यात 'हे'मधल्या गिऱ्हाइकाची वेळ विसरलो. मी राजीनामा देतो, ग्लेनिस. गाडीवर असताना डोकं गेलं तर? शेजारी आसुंता असते."

ग्लेनिसला गलबलून आलं. तरी आधी मनात आलं ते हेच, की याने खरंच चूक केली असेल तर? तिच्या स्वभावाला औषध नव्हतं.

"राजीनामा चारपर्यंत खिशात ठेव," ती म्हणाली. "तू कागद कधी टाकलास?"

"बुधवारी. पाचला. तू पर्स उचलून निघालीच होतीस."

ते तिला आठवत होतं. बाकीच्या विक्रेत्यांचे कागद सोमवारीच पेटीत पडले होते. पेटी उघडली गुरुवारी सकाळी आठला. पेटीची किल्ली हेमीच्या खणात, आणि त्या खणाला कुलूप म्हणून नाही. बुधवारी पाचनंतर मालाच्या मोजदादीसाठी तिघंच थांबले होते. हेमी, विक्रेती गुरलीन आणि गाड्यांचं सगळं बघणारा नेव्हिल हॉब्स.

आणि सहीचं म्हणाल, तर पेट्रोलच्या प्रत्येक पावतीवर ब्रुनोचं ते वेटोळं असायचं. ते ग्लेनिसनेही डोळे मिटून काढलं असतं.

तिने पहिल्यांदा हेमीलाच धरलं.

"ब्रुनो गेलेला तुला हवाय का?"

"सकाळी सकाळी पोलीस झालीस?" हेमी खुर्चीत मागे रेलला. "ऐक. तो गेला तर रडणार नाही मी. म्हातारा झालाय तो. पण घालवायचा असता तर तोंडावर सांगितलं असतं. आमच्या न्यूझीलंडात असंच करतात."

"तू इथलाच झालास की आता."

"छे. पाहुणाच बरा. शनिवारी तुम्ही सगळे मतदानाच्या रांगेत भाजत होता, नाही गेलं तर दंड. मी मस्त मासे धरत होतो."

ग्लेनिसला त्याचं हसू आवडलं नाही. पण न आवडणं हा काही पुरावा नव्हे.

गुरलीन मागे पंपांचे खोके लावत होती. पंजाबातून येऊन सहा वर्षं झालेली, कामाला वाघीण.

"ब्रुनोचा रस्ता तुला मिळणार म्हणे."

"हवाच आहे मला तो, आंटी. खोटं कशाला बोलू? पण असा नको. मला पहिलं गिऱ्हाईक ब्रुनोनेच मिळवून दिलं."

"बुधवारी हेमीच्या खणाजवळ गेली होतीस?"

"स्टेपलर आणायला. पुढच्या महिन्यात माझ्या नागरिकत्वाचा सोहळा आहे. त्याच्या तोंडावर मी खोट्या सह्या करीन? वेडी आहे का मी?"

यावर विश्वास ठेवावासा वाटला, म्हणून ग्लेनिसने मुद्दामच ठेवला नाही.

नेव्हिल आपल्या टेबलाखाली बूट काढून बसला होता. डिसेंबरात तो निवृत्त होणार होता. घरच्या अंगणात त्याने नवंकोरं फिरतं घर आणून उभं केलं होतं. नवराबायको ते गाडीमागे जोडून सगळा देश फिरणार, हे ऐकून ऐकून ऑफिसचे कान किटले होते.

"पाय सुजलेत," तो म्हणाला. "शनिवारी शाळेतल्या मतदान केंद्रावर अकरा तास उभा. तीस वर्षं करतोय, पण आता झेपत नाही."

"ब्रुनोच्या गाडीचं काय होणार?"

"नियमाप्रमाणे विकायची. आधी ऑफिसातल्यांना विचारतात. बिचारा. पण खरं सांगू? आपणहून बाजूला होतोय तर होऊ द्यावं. गेल्या आठवड्यात मला नेव्हिल म्हणायच्या ऐवजी नॉर्मन म्हणाला."

"मीही म्हणते कधी कधी."

"तुझी गोष्ट वेगळी."

ती टेबलावर परतते तोच फोन वाजला. टायरच्या दुकानातला माणूस होता.

"नेव्हिलला निरोप द्या. त्याने सोमवारी मागवलेला जाड हूक आलाय, अवजड ओढायचा. गाडी कधी आणतोय बसवायला?"

"सांगते," ग्लेनिस म्हणाली. फोन ठेवून तिने खिडकीबाहेर पाहिलं. नेव्हिलची गाडी म्हणजे बाजारहाटाची इवलीशी लाल डबी. तिला घर जोडलं तर घरच तिला मागे ओढून नेईल.

तिने हेमीच्या टेबलावरचा ब्रुनोचा कागद पुन्हा एकदा पाहिला. मग चार चिठ्ठ्या छापल्या. दहाच्या चहाबरोबर काय हवं? एक चौकट सॉसेज रोलची, एक लॅमिंग्टन केकची. घाई आहे, बेकरीवाला खोळंबलाय, असं ओरडत तिने चौघांकडून भरून घेतल्या. ब्रुनोने भूक नाही म्हणत भरली.

दहा वाजता चौघं चहाच्या खोलीत जमले. टेबलावर खाणं नव्हतंच. चार चिठ्ठ्या होत्या, आणि पाचवा तो कागद.

"हे काय?" नेव्हिलने विचारलं. "रोल कुठंयत?"

"बस. ब्रुनो, तू किती वर्षांचा असताना या देशात आलास?"

"नऊ."

"आणि नागरिक कधी झालास?"

ब्रुनो ओशाळला. "राहूनच गेलं. अजून इटालियनच आहे कागदावर."

"म्हणजे आयुष्यात इथे मत दिलेलं नाहीस. हेमी न्यूझीलंडचा, तोही देत नाही. गुरलीन पुढच्या महिन्यापासून देईल. आता या चिठ्ठ्या बघा. गुरलीनने हव्या त्या चौकटीत बरोबरची खूण केली. हेमीनेही. ब्रुनोने फुली मारली. कारण दोनातून एक निवडायचं म्हटलं की कोणीही असंच करतं. आपण सोडून, नेव्हिल. आपल्याला अठराव्या वर्षापासून शिकवलंय की मतपत्रिकेवर नुसती खूण चालत नाही. आवडत्याला एक, नावडत्याला दोन, सगळ्या चौकटी भरा, नाहीतर मत बाद. तू तर तीस वर्षं त्या केंद्रावर लोकांना हेच सांगतोयस."

तिने चौथी चिठ्ठी पुढे सरकवली. सॉसेज रोल १. लॅमिंग्टन २.

नेव्हिलचा चेहरा लाल झाला. "हा पुरावा? अर्धा देश असंच लिहितो!"

"मीही लिहिते. म्हणून तर सकाळी तो कागद मला खटकलाच नाही. पण बुधवारी पाचनंतर इथे अर्धा देश नव्हता. तिघं होतात, आणि तिघांत मत देणारा तू एकटा. आणि तुझा हूक आलाय. सोमवारी मागवलास. ब्रुनोने बुधवारी कागद टाकला, पेटी गुरुवारी उघडली. मग ओढायला दांडगी गाडी आपल्याला मिळणार, हे तुला सोमवारीच कसं कळलं?"

हेमीने हळूच खुर्ची ओढून दाराला लावली.

"तो कितीशी चालवणार होता अजून?" नेव्हिल शेवटी म्हणाला. "वर्ष? दोन वर्षं? इतकी चांगली गाडी मला बाहेर कुठे परवडणार होती? सगळे म्हणतच होते की हा विसरतो. कोणाला आश्चर्य वाटलं नसतं. त्यालासुद्धा."

"त्यालासुद्धा," ग्लेनिस म्हणाली. तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. "गाडी चोरली असतीस तर मी कदाचित माफ केलं असतं. माणसाचं स्वतःच्या डोक्यावरून मन उडवलंस तू!"

ब्रुनो उठला. तो रागावलेला नव्हता, निदान तसा दिसत नव्हता. टेबलाला वळसा घालून तो नेव्हिलसमोर जाऊन उभा राहिला.

"माझा खरा कागद कुठंय?"

"फाडला."

"त्यावर काय होतं?"

"आता त्याने काय फरक—"

"काय होतं? मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

नेव्हिलने मान खाली घातली. "फुली. कंपनीच्या गाडीवर."

ब्रुनोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग त्याने घरी फोन लावला.

"आसुंता? नाही, काही झालं नाही. मंगळवारी जायचंय आपल्याला. ऐक ना. मला आठवत होतं तेच बरोबर होतं. मला नीट आठवत होतं गं."